लाकडाच्या निखाऱ्यावरचे चिकनचे गोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाडकडची थंडी नाशकात उतरली की मखमलाबादला मामांच्या मळ्यात रविवारी संध्याकाळी चूल पेटते. गेली काही वर्षं त्या चुलीच्या जाळीवर भाकरीच्या आधी चिकनचे गोळे पडतात. भाचा जिमला जायला लागला, त्याला प्रोटीन हवं होतं, तिथून हे सुरू झालं. आता घरचे सगळेच खातात आणि येणारा-जाणारा तेच तेच प्रश्न विचारतो. म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलं. माझं म्हणणं एवढंच आहे की कमी चरबीचं मांस आगीवर कोरडं पडायला वेळ लागत नाही, म्हणून मसाल्यापेक्षा विस्तवाकडे जास्त लक्ष द्या.

हे सीख कबाब की कोफ्ते?

कोफ्त्यांना जवळचे, पण रश्शात न सोडता निखाऱ्यावर भाजलेले. सीख कबाबाचा खिमा सळईवर थापतात आणि त्यात चरबी बरीच असते. इथे चरबी कमी, म्हणून गोल आकार बरा पडतो. गोळ्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने कमी असतो, त्यामुळे आतला ओलावा टिकतो. पट्टीसारखे चपटे केले तर लवकर शिजतात आणि तितक्याच लवकर सुकतात.

एका गोळ्यात प्रोटीन किती?

साधारण ६ ग्रॅम. हिशेब असा: बिनकातडीच्या ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅममागे २२-२३ ग्रॅम प्रोटीन असतं, मांडीच्या मांसात १९-२० ग्रॅम. मी ३५० ग्रॅम ब्रेस्ट आणि १५० ग्रॅम मांडी घेते, त्यातून १०८ ग्रॅमच्या आसपास येतं. एका अंड्याचं ६ आणि ३० ग्रॅम डाळ्याच्या पिठाचं आणखी ६. सगळे मिळून १२० आणि गोळे होतात २०. पाच गोळे खाल्ले की ३० ग्रॅम झालं.

भाजल्यावर गोळ्याचं वजन कमी होतं, पण जातं ते पाणी आणि थोडी चरबी. प्रोटीन जागेवर राहतं. म्हणून मोजायचं ते कच्च्या मालावरून, शिजलेल्या वजनावरून नाही. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलं आहे. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका जेवणातच निम्म्याच्या वर मिळालं तर पुरे, बाकी डाळ, दही, उसळ आहेच. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

खिमा कसा मागायचा?

तयार खिमा घेऊ नका. त्यात कातडी किती आणि कोणत्या भागाचं मांस किती, हे कळत नाही. दुकानात ब्रेस्ट आणि मांडी बोनलेस करून घ्या, कातडी काढायला सांगा आणि समोर मशीनमधून एकदाच काढून घ्या. दोनदा काढलेला खिमा फार बारीक होतो, गोळा भाजल्यावर रबरासारखा लागतो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर मशीन धुतलेलं असतं. तसा वेळ नसेल तर बोनलेस तुकडे घरी आणा, फ्रीझरमध्ये अर्धा तास कडक होऊ द्या आणि धारदार सुरीने बारीक चिरा. हाताने चिरलेल्या खिम्याची चव मशीनच्या खिम्याला येत नाही, हे मी खात्रीने सांगेन.

मांस नळाखाली धुण्याची आपल्याकडे सवय आहे. कच्च्या चिकनवरचे जंतू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, धुतल्याने ते मरत नाहीत. मरतात ते आचेने. आणि धुतलेला खिमा पाणी धरून बसतो, गोळा वळत नाही.

गावरान कोंबडीचा खिमा होतो का, असं बरेच जण विचारतात. होतो, पण मांस चिवट आणि चरबी आणखी कमी. गावरान कोंबडी रश्शासाठी ठेवा.

प्रमाण आणि कृती सांगाल?

५०० ग्रॅम थंड खिमा. त्यात आधी फक्त मीठ, ६ ग्रॅम म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आता हाताने तीन-चार मिनिटं मळा. इथे घाई करायची नाही. मिठाने मांसातली प्रथिनं सुटी होऊन चिकट होतात आणि तीच गोळ्याला धरून ठेवतात. मळताना एक खूण लक्षात ठेवा. सुरुवातीला खिमा बोटांतून सुटा पडतो, मग परातीला चिकटायला लागतो, आणि शेवटी मूठ उघडली की बोटांमधून पांढरट तार ओढली जाते. ती तार दिसली की थांबा.

मग दोन मध्यम कांदे बारीक चिरून, एक चमचा तेलावर गुलाबी परतून, पूर्ण गार करून घाला. लाल कांदा घेतलात तर तो उन्हाळीपेक्षा पाणी जास्त सोडतो, थोडा जास्त वेळ परता. एक अंडं, ३० ग्रॅम डाळ्याचं पीठ, आलं-लसणाची गोळी मोठा चमचाभर, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दीड छोटा चमचा घरचा काळा मसाला. आमच्याकडच्या काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं आणि दगडफूल असतं. धुराबरोबर तो इतका जमून येतो की गरम मसाल्याची आठवण होत नाही. शेवटी दोन मोठे चमचे बर्फाचं पाणी घालून हलक्या हाताने मुरवा.

मिश्रण झाकून फ्रीजमध्ये अर्धा ते एक तास ठेवा. मग ओल्या हाताने मोठ्या लिंबाएवढे, ३५ ग्रॅमचे गोळे वळा. पहिल्या एक-दोन गोळ्यांचं वजन करून बघा, पुढचे हाताच्या अंदाजाने होतात. सगळे सारखे असले पाहिजेत, नाहीतर एक जळेल आणि दुसरा कच्चा राहील.

लिंबू मिश्रणात पिळू नका. आंबटाने खिमा भुसभुशीत होतो. लिंबू ताटात पिळायचं. कच्ची पपई तर अजिबात नको. ती मोठ्या तुकड्यांसाठी ठीक आहे, खिम्याचं पीठ करून टाकते.

गोळे जाळीला चिकटतात, फुटतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा जाळी गार असते. जाळी निखाऱ्यावर दहा मिनिटं तापू द्या, तारेच्या ब्रशने घासा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तो जाळीवर फिरवा. कांदा चुरचुरला पाहिजे. गोळे ठेवल्यावर दोन-अडीच मिनिटं हात लावू नका. खालची बाजू भाजली की गोळा आपोआप सुटतो. चिमट्याने ओढून बघितलं आणि तो सुटला नाही, तर त्याची वेळ झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ. ओढाल तर खालची पापडी जाळीवर राहील.

तरीही फुटत असतील तर मीठ घालून मळण्यात कसर राहिली आहे, किंवा कांदा कच्चा घातला आहे. सळईवर लावायचे असतील तर चपट्या सळया घ्या. गोल सळईवर गोळा जागच्या जागी फिरतो, उलटत नाही. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

आतून कोरडे होतात.

ब्रेस्टचा एकट्याचा खिमा वापरला असेल. थोडी मांडी घाला. तेवढ्याने प्रोटीनमध्ये जो फरक पडतो तो नगण्य आहे, चवीत पडतो तो मोठा. परतलेला कांदा आणि बर्फाचं पाणी वगळू नका. डाळ्याचं पीठ फक्त बांधायला नाही, ते सुटणारा रस धरून ठेवतं. आणि जास्त वेळ भाजू नका. ते खाली सविस्तर सांगितलं आहे.

प्रोटीन पावडर मिसळली तर?

भाच्याच्या हट्टापायी दोनदा करून बघितलं. बिनचवीची व्हे पावडर आचेवर घट्ट होते आणि गोळा स्पंजासारखा, कोरडा लागतो. ती दुधातूनच प्यायलेली बरी. प्रोटीन आणखी वाढवायचंच असेल तर २०-२५ ग्रॅम सोया चंक्स गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, बारीक करून घाला. कोरड्या सोया चंक्समध्ये निम्म्याहून थोडं जास्त प्रोटीनच असतं. त्याच्या वर गेलात तर सोयाची चव पुढे येते.

लाकूड कोणतं?

बाभूळ. मामांचं मत आहे आणि तेच माझं. बाभळीचं लाकूड घट्ट, त्याचा निखारा तासभर तरी एकसारखी आच देतो. चिंच तशीच. पेरूचा धूर सौम्य आणि किंचित गोडसर, चिकनला फार छान. आंबा लवकर पेटतो पण लवकर राखही होतो, म्हणून आंब्याने पेटवून बाभळीवर टिकवायचं. वीसेक गोळ्यांना मनगटाएवढ्या जाडीचं चार-पाच किलो लाकूड पुरतं.

लाकूड वाळलेलं हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं लाकूड टणटण वाजतं, ओलं असेल तर बद्द आवाज येतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिराही पडलेल्या असतात. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर डोळ्यांत तर जातोच, गोळ्यांना कडवट चवही देतो.

आता काय नको ते. कडुनिंबाचा धूर कडू. निलगिरी तेलकट, औषधासारखी. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या फर्निचरचे तुकडे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येणाऱ्या पेट्यांच्या फळ्या यांत रंग, गोंद, रसायनं काय काय असेल सांगता येत नाही. आणि कण्हेर कधीच नाही. दुभाजकांवर, बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर सगळीकडे आहे आणि छाटल्यावर तिच्या सरळ काड्या सळईसारख्या दिसतात. झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तिचं सरपण नको आणि तिच्या काडीला मांस टोचणं तर नकोच. कुंपणाचा शेर आणि रुईसुद्धा दूर ठेवा, दोन्हींचा चीक वाईट.

पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. नारळाचं सोडण, वाळकी काटकी, कागद पुरतो. मळ्यात गोवरीही असते. पेटवण्यापुरती ठीक, पण मांस जाळीवर जाईपर्यंत ती पूर्ण जळून गेलेली असू द्या.

द्राक्षाच्या काड्या नाशकात फुकट मिळतात. त्या चालतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग लागतात, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुन्हा. वेलीच्या लाकडाचा धूर सुगंधी असतो, ते खरं आहे. पण ज्या काडीने अख्खा हंगाम भुरी आणि केवडा या बुरशीच्या रोगांवरची औषधं अंगावर घेतली, ती काडी माझ्या मुलांच्या ताटाखाली जाळायची नाही, असं मी ठरवलं आहे. बागायतदाराचा यात काही दोष नाही. आपल्या हवेत फवारणीशिवाय बाग उभी राहत नाही, आणि त्याचं सगळं लक्ष घडावर काय उरतं याकडे असतं. काडी जाळून कोणी त्यावर स्वयंपाक करेल, हा हिशेब त्यात धरलेला नसतो.

मामांच्या घरापुढे मांडवावर एक जुनी वेल होती. तिला कधी फवारणी झाली नाही, द्राक्षं पाखरंच खायची. ती वाळली तेव्हा तिचं खोड आम्ही वर्षभर पत्र्याखाली ठेवलं आणि साल काढून थोडं थोडं वापरलं. अशी वेल तुमच्याकडे असेल तर जरूर वापरा. निखारे बाभळीचे आणि वर वेलीच्या खोडाचे दोन तुकडे.

ग्रिल विकत घ्यायलाच हवं का?

नाही. मोकळ्या जमिनीवर पक्क्या विटांचे तीन थर, तीन बाजूंनी. चौथी बाजू लाकूड सरकवायला आणि वाऱ्याला मोकळी. वर जाळी, ती निखाऱ्यापासून वीतभर उंचीच्या आत. विटा कोरड्या हव्यात. गोदावरीच्या पात्रातले गोटे दिसायला छान असतात, पण त्यात मुरलेलं पाणी तापून दगड फुटू शकतो आणि कपच्या उडतात.

जाळीबद्दल मात्र काळजी घ्या. कुंपणाची किंवा खुराड्याची चकचकीत जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असते. जोराच्या आचेवर त्याचा विषारी धूर होतो. जुन्या फ्रीजचा रॅक काढून वापरतात, त्याच्यावरचा मुलामा कसला ते आपल्याला माहीत नसतं. स्टीलची किंवा साध्या लोखंडी सळ्यांची जाळी कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मापाने करून मिळते. तिला मुठी लावून घ्या, उचलता आली पाहिजे.

चूल तयार झाली हे कसं ओळखायचं?

ज्वाळ असेपर्यंत काहीही ठेवायचं नाही. पेटवल्यापासून निखारे व्हायला पाऊण तास लागतो. लाकूड फुटून लाल झालं, वर राखेची पातळ पांढरी साय आली आणि धूर जवळजवळ थांबला की वेळ झाली. मग चिमट्याने सगळे निखारे एका बाजूला ओढा. जाळीच्या निम्म्या भागाखाली निखारे आणि निम्म्या भागाखाली नुसती जमीन. हे दोन भाग नसतील तर गोळे नीट होणं कठीण आहे.

आच बघायला तळहात जाळीच्या वर वीतभर अंतरावर धरा आणि सावकाश मोजा. दोन म्हणायच्या आत हात काढावा लागला तर आच फार आहे, थांबा. चार-पाचपर्यंत हात राहिला तर गोळे ठेवा. आठ-दहापर्यंत आरामात राहत असेल तर निखारे कमी पडले आहेत. मामा हात न धरता सांगतात. जाळीजवळ वाकतात, कपाळाला झळ लागू देतात आणि म्हणतात, "अजून पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधी चुकलेली मी बघितली नाहीत.

किती वेळ भाजायचे?

निखाऱ्याच्या बाजूला सहा-सात मिनिटं, दर दोन मिनिटांनी थोडं वळवत. सगळीकडून तांबूस डाग पडले की निखारे नसलेल्या बाजूला सरकवा आणि वर एखादं जुनं पातेलं पालथं घाला. आतल्या वाफेत आणखी पाच-सहा मिनिटं. एकूण अकरा ते तेरा. पण हे आकडे वाऱ्यावर, लाकडावर, जाळीच्या उंचीवर बदलतात, म्हणून घड्याळावर विसंबू नका.

पहिल्या वर्षी मी विसंबले होते. लाकूड अर्धवट ओलं, ज्वाळ अजून चालू, पोरं भुकेली. गोळे दहा मिनिटांत बाहेरून कुळकुळीत झाले, झाले म्हणून मी ताटल्या भरल्या. धाकट्या जावेने तिच्या लेकीसाठी एक फोडला आणि माझ्याकडे बघितलं. आत बोटभर जागा गुळगुळीत, पारदर्शक गुलाबी, हात लावला तर गारच. तोवर दोघा पोरांनी एकेक खाल्ला होता. काही झालं नाही, पण ती रात्र आम्ही दोघी जाग्या होतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर विकत आणला. चारशे-पाचशे रुपयांची वस्तू आहे, त्याशिवाय मी आता चिकन आगीवर ठेवत नाही.

टोक गोळ्याच्या मध्यावर घुसवा, जाळीला टेकू देऊ नका. ७४ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात. खिमा करताना तेच वरचं आत जातं, म्हणून मध्यभागी ७४ हवंच. ७४ झाले की लगेच उतरवा. ८०-८५ पर्यंत नेलेत तर रस निघून जाईल आणि मग कोरडे झाले म्हणून पुन्हा मला विचाराल. ताटात तीन-चार मिनिटं बसू द्या.

७४ अंश झाले तरी आत गुलाबी छटा दिसते.

लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी मिळून गुलाबी रंग पक्का करतात. हा रंग कडेने असतो, मांस घट्ट असतं आणि रस स्वच्छ निघतो. तापमान बरोबर असेल तर बिनधास्त खा. उलटही होतं. कधी पांढरा दिसणारा गोळा आत कमी शिजलेला असतो. रंगावरून काही ठरवू नका.

काळे पडलेले खावेत का?

तांबूस डाग हवेत, कोळसा नको. मांस जळतं तिथे आणि चरबी निखाऱ्यावर टपकून धूर होतो तिथे आरोग्याला घातक संयुगं तयार होतात. चरबी कमी, ज्वाळ नाही आणि वारंवार वळवणं, या तिन्हींनी ते बरंच कमी होतं. जळालेला भाग सुरीने काढून टाका. मध किंवा गूळ लावायचा असेल तर शेवटच्या एका मिनिटात, नाहीतर तो आधी जळतो.

पावसाळ्यात?

गंगापूर रोडला रिमझिम आणि त्र्यंबककडे कोसळतोय, अशा दिवसांत उघड्यावरची चूल सोडा. पत्र्याखाली करायचं तर तीन बाजू मोकळ्या हव्यात. सरपण मेमध्येच झाकून ठेवलं असेल तरच पेटेल. तसाही श्रावणात आमच्याकडे महिनाभर ही जाळी भिंतीला टांगलेली असते.

सोसायटीच्या गच्चीवर करता येईल?

आधी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांना सांगा. दोरीवर कपडे वाळत असतील तर थांबा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर थेट निखारे नकोत. खाली पाय असलेली लोखंडी शेगडी आणि तिच्याखाली विटा. बादलीभर पाणी आणि घमेलंभर वाळू शेजारी हवीच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. थंडीत पाहुणे आत गेले की उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून खोलीत किंवा बंद बाल्कनीत नेली जाते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शेगडी दाराच्या आत आणायची नाही, कितीही गारठा असला तरी.

घरात शाकाहारी माणसं आहेत.

आमच्या सासूबाई खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जाळी, वेगळा चिमटा, आणि चूल पेटली की पहिलं त्यांचं पनीर आणि कणीस. त्यांचं झालं की मग चिकन. पनीर १०० ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतं, त्यामुळे त्यांचंही जेवण कमी पडत नाही. कच्च्या चिकनचं ताट आणि शिजलेल्याचं ताटही वेगळंच हवं. ते सगळ्यांसाठी.

सोबत काय?

बाजरीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा, कांदा, लिंबू. दह्यात पुदिना वाटून घातला तर लहान मुलंही खातात. ब्रेडमध्ये घालून देतात तेही बघितलं आहे. भाकरीच्या वाफेत गोळा मोडून खाण्याची मजा त्यात नाही.

आधी करून ठेवता येतात का? उरले तर?

वळलेले कच्चे गोळे फ्रीजमध्ये एक दिवस राहतात. त्याहून जास्त ठेवायचे तर ताटात सुटे गोठवून मग डब्यात भरा, दोन-तीन महिने चव टिकते. वापरताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा, ओट्यावर नको. भाजलेले गोळे फ्रीजमध्ये तीन दिवस. भाचा ते सोमवारी डब्यात नेतो, तव्यावर झाकण घालून पाण्याचा एक हबका मारून गरम करायचे. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभरात आत गेले पाहिजेत.

उरलेल्या निखाऱ्यांचं काय करायचं?

वाया घालवू नका. गोळे उतरले की एक भरताचं वांगं आणि सालासकट दोन-चार कांदे राखेत पुरा. जेवणं होईपर्यंत कांदा आत लोण्यासारखा होतो, साल काढून मीठ-तेल घालायचं. मग निखारे पसरवा, पाणी ओता, चिमट्याने उलथा, पुन्हा पाणी ओता. वरून काळी दिसणारी राख आत दुसऱ्या सकाळपर्यंत धुमसत राहते. प्लास्टिकच्या कचरापेटीत किंवा घंटागाडीत ती घालू नका. पत्र्याच्या डब्यात एक रात्र ठेवा, सकाळी तळापर्यंत काडी फिरवून बघा. गार लागली की मामा ती चाळून कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकतात.